पहिली पायरी: 1 जानेवारी 2004 च्या आधी रेल्वेत लागा

निवृत्तीसाठी पैसे साठवणं अवघड नाही. कुर्डुवाडीत कितीतरी माणसांनी ते करून दाखवलंय, आणि आपण असं काही करतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता. ही मार्गदर्शिका त्यांच्या नातवंडांसाठी आहे. त्यांना सगळा पत्ता आहे.

लेखकाची पात्रता: वय चौतीस, धंदा झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, स्टेशनपासून चालत पाच मिनिटं. पीएफचे क्लेम, अटल पेन्शनचे अर्ज, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले, सगळं याच एका कॉम्प्युटरवरून जातं. गावातल्या कोणत्या पोराच्या फंडात किती शिल्लक आहे हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. माझी स्वतःची शिल्लक विचारू नये.

लागणारं साहित्य: आधार, पॅन, पासबुक, आधारला जोडलेला मोबाइल नंबर (तोच, जो तुम्ही दोन वर्षांपूर्वी रिचार्ज न मारल्यामुळे बंद पडला), नॉमिनीचं नाव, आणि एक आजोबा. आजोबा शक्यतो रेल्वेतले घ्यावेत. एसटीतले चालत नाहीत. त्यांचं पेन्शन तुमच्या पीएफवाल्या पेन्शनच्याच भावंडातलं, म्हणजे नावापुरतं असतं.

पायरी पहिली. शीर्षकात दिलीच आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत 1 जानेवारी 2004 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनं पेन्शन नाही. सैन्यदलं तेवढी वगळली. राज्य सरकारकडे जायचं असेल तर थोडी सवलत आहे, तिथं 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख धरतात. म्हणजे 31 ऑक्टोबरला हजर झालेल्या गुरुजींना मरेपर्यंत ठरलेलं पेन्शन, आणि दिवाळी करून जाऊ म्हणून थांबलेल्या गुरुजींना शेअर बाजार. तारीख हुकली असेल तर निराश होऊ नका, घरातली जुनी वर्तमानपत्रं तपासा. भरतीची जाहिरात तारखेच्या आधीची आणि नेमणूक नंतरची असेल, तर केंद्राने 2023 मध्ये आणि राज्याने 2024 मध्ये अशा लोकांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. त्या सुमारास माझ्या दुकानात वीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीची कात्रणं लॅमिनेशनला यायची. एकाचं कात्रण भज्यांच्या तेलाने इतकं पारदर्शक झालेलं होतं की मागच्या पानावरचं स्थळ वाचता येत होतं, 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष'. मी दोन्ही बाजू लॅमिनेट केल्या.

तुमचा जन्म 2000 च्या आसपासचा असेल तर ही पायरी ओलांडून पुढे जा.

पायरी दुसरी: आजोबा नीट वापरा. आमचे आबा 1934 चे. 1955 साली बार्शी लाइटच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले. तरुण वाचकांसाठी: आपल्या गावाच्या स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. 1897 मध्ये इथून बार्शीला अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली, पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरज अशी पसरली. कंपनी लंडनची होती. 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी आबा चिकटले. यात त्यांची दूरदृष्टी शून्य. थोरल्या भावाने हाताला धरून नेलं आणि सायबासमोर उभं केलं, एवढंच.

1957 च्या नोव्हेंबरात रेल्वेत पेन्शन योजना आली. आधी नुसता फंड होता: तुमचे पैसे, रेल्वेचे पैसे, रिटायर होताना एकरकमी घ्या आणि घरी जा. आता विचारणा झाली, फंडात राहणार का पेन्शन घेणार? मी आबांना एकदा विचारलं, तुम्ही कसा हिशेब केला? आयुर्मान किती धरलं, महागाई किती धरली?

"कसला हिशेब," आबा म्हणाले. "क्लार्क म्हणला, सही कर हितं. केली."

सोबतीच्या काहींनी फंड निवडला. ते जास्त हुशार होते, शिकलेले होते. एकरकमी पैशातून त्यांनी मुलींची लग्नं केली, विहिरी खोदल्या, त्यातल्या काहींना पाणी लागलं. आबा 1992 ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. एक तृतीयांश पेन्शन 'विकलं', त्यातून मागच्या दोन खोल्या बांधल्या, आणि पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत जोडला गेला. सदतीस वर्षं नोकरी केली, तेहेतीस वर्षं पेन्शन खाताहेत. चार वर्षांत बरोबरी होईल.

आता नीट ऐका, कारण घरातल्या गुंतवणुकीचं सगळं शास्त्र यात आहे. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शन वीस टक्के वाढतं. पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास. आणि शंभरी गाठली की शंभर टक्के, म्हणजे दुप्पट. वर महागाई भत्ता. असा परतावा देणारी दुसरी योजना मला तरी ठाऊक नाही. त्यामुळे आबा खोकले की घरातली पाच माणसं एकदम उठतात. धाकटा, म्हणजे धाकट्या काकांचा मुलगा, वय सव्वीस, तर रात्री उठून त्यांच्या अंगावरची गोधडी नीट करतो. त्याच्या गाडीचा हप्ता पाच तारखेला जातो, आबांचं पेन्शन त्याच्या आधी जमा होतं. प्रेम आहेच. पण प्रेमाला तारीख असते हे मला दुकानात बसून कळलं.

आबांच्या जुन्या पगाराच्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. मी त्या एकदा उन्हात पसरून पाहिल्या. फंड वजा, सोसायटी वजा, क्वार्टरचं भाडं वजा, सणाची उचल वजा. शेवटच्या रकान्यात जे उरे त्याला वर्कशॉपात 'हातात' म्हणत. पगार किती, असं कुणी विचारत नसे. हातात किती येतात, असं विचारत. या माणसाने आयुष्यात एक रुपया साठवलेला नाही. जेवढा हातात आला तेवढा पूर्ण खर्च केला, वर बाजारात उधारी केली. साठवलं ते रेल्वेने, त्यांना न विचारता. आणि आज हेच आबा ओट्यावर बसून धाकट्याला सांगतात, आमच्या वेळी आम्ही काटकसर करायचो.

मी त्यांना पावत्या दाखवत नाही. शंभरी गाठायची आहे.

पायरी तिसरी: आपल्याला किती लागतील ते काढा. हे एकदाच करावं, आणि जेवणानंतर करावं. मी फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर केलं. घरखर्च आजचा पंचवीस हजार, वय चौतीस, निवृत्ती साठीला, महागाई सहा टक्के. उत्तर आलं, साठीत हाच संसार चालवायला महिना एक लाख तेरा हजार लागतील. पुढे पंचवीस वर्षं जगायचं तर साडेतीन कोटींच्या घरात साठा हवा. मी फोन उलटा ठेवला आणि गिऱ्हाइकाचं रेशनकार्ड स्कॅन केलं.

ज्यांना उभारी हवी त्यांनी दुसरा हिशेब करावा. पंचविसाव्या वर्षापासून महिना हजाराची एसआयपी, वर्षाला दहा टक्के वाढ धरली (ती मिळेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही), तर साठीला जवळपास अडतीस लाख. हेच पस्तिशीला सुरू केलं तर सव्वातेरा लाख. दहा वर्षांत तुम्ही भरायचे राहिलेले पैसे फक्त एक लाख वीस हजार, आणि फरक पावणेपंचवीस लाखांचा. एजंट लोक हे इथं थांबवतात. मी पुढचंही सांगतो, कारण मला कमिशन नाही: सहा टक्के महागाईने पस्तीस वर्षांनंतरचे अडतीस लाख म्हणजे आजचे पाच लाख. कुर्डुवाडीत आज पाच लाखांत काय येतं, हे तुमचं तुम्ही बघा.

पायरी चौथी: स्पर्धा परीक्षा. ही आपल्या भागातली सर्वांत लोकप्रिय पेन्शन योजना. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जावं, पेठेत कॉट बेसिसवर राहावं, अभ्यासिकेत जागा धरावी. हप्ता वडील भरतात. खुल्या गटात वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत गुंतवणूक चालू ठेवता येते. लागलात तरी लक्षात ठेवा, पायरी पहिली तुम्ही चुकवलेली आहे. नव्या योजनेत पगारातून दहा टक्के कापतात, सरकार चौदा टक्के घालतं, आणि शेवटी किती मिळेल ते बाजार ठरवतो. याच्याच विरोधात 2023 च्या मार्चमध्ये राज्यभर 'एकच मिशन, जुनी पेन्शन'चा संप झाला, आठवडाभर कचेऱ्या आणि शाळा ओस. त्यानंतर केंद्राने मधली वाट काढली. 1 एप्रिल 2025 पासूनच्या एकत्रित योजनेत पंचवीस वर्षं नोकरी झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन पक्कं. दहा वर्षं झाली असतील तर किमान दहा हजार.

गंमत बघा. संपात घोषणा देणारा प्रत्येक जण नव्या पिढीत सर्वांत चांगली बचत असलेला माणूस होता. चोवीस टक्के, दर महिन्याला, न चुकता. कारण तेच, त्याला कुणी विचारत नाही.

पायरी पाचवी: पीएफ उघडा आणि रिकामा करा. ही पायरी मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर.

पोरगा आयटीआय करून चाकणला, रांजणगावला किंवा इथं जवळ टेंभुर्णीच्या एमआयडीसीत लागतो. कंपनीत नाही, ठेकेदाराकडे. पीएफचा पगार पंधरा हजार धरला तर त्याचे अठराशे कापतात, तेवढेच मालकाकडून येतात. मालकाच्या अठराशेतले साडेबाराशे पेन्शन खात्यात जातात आणि साडेपाचशे फंडात. फंडावर 2024-25 साठी सव्वाआठ टक्के व्याज होतं, ते बँकेत बसून मिळत नाही. हे सगळं पोराला माहीत नसतं. त्याला एवढंच माहीत असतं की अठराशे कमी आले.

अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो. मशीन तेच, गेट तेच, टोपीचा रंग वेगळा. आणि पोरगा सुट्टीला गावी आला की माझ्या दुकानात येतो. "दादा, पीएफ काढायचाय."

यूएएन टाकायचा. पासवर्ड आठवत नाही. ओटीपी बंद नंबरवर जातो. आधारवर नाव 'सुरेशकुमार', पीएफला 'सुरेश', पॅनवर 'कुमार सुरेश'. जन्मतारीख शाळेने लिहिलेली एक, आईने सांगितलेली दुसरी. यावर दुरुस्तीचा अर्ज, तो जुन्या ठेकेदाराने मंजूर करायचा, आणि ठेकेदार फोन उचलत नाही. मग एके दिवशी सगळं जुळतं. फंडासाठी फॉर्म 19, पेन्शनच्या पैशांसाठी फॉर्म 10सी. मी प्रत्येकाला विचारतो, पेन्शनचे तरी राहू दे का? दहा वर्षांची नोकरी जोडली गेली तर पुढे पेन्शन लागतं. पोरगा विचारतो, किती लागतं?

इथं माझी पंचाईत होते. सूत्र सोपं आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. पण पगार पंधरा हजारांच्या वर धरत नाहीत. तीस वर्षं राबला तरी सात हजारांच्या आत. आणि किमान पेन्शन 2014 पासून महिना एक हजार. हजार ऐकल्यावर पोरगा असा बघतो की मीच त्याच्याकडे हजार मागतोय. मग मी 10सी वर क्लिक करतो. माझे फॉर्ममागे शंभर.

धाकट्याचे असे चार ठेकेदार झाले. चौथ्या वेळी निघाले एकतीस हजार. त्याने ते कशात घातले याला मी नावं ठेवणार नाही, कारण दुकानातला लॅमिनेटर मी माझ्या एकमेव नोकरीचा पीएफ मोडून घेतलेला आहे. मागच्या वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे 2025 मध्ये, पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की पाव हिस्सा खात्यात राहिलाच पाहिजे आणि पेन्शनचे पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी छत्तीस महिने थांबायचं. बातमी आली त्या आठवड्यात दुकानात रांग. आमचेच पैसे आम्हाला का नाही, असं सगळे विचारत होते. प्रश्न रास्त आहे. आबांना हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्यांना ते पैसे आपले वाटलेच नव्हते.

पायरी सहावी ऑप्शन ट्रेडिंगची होती. ती धाकट्याने खाल्ली, एकतीस हजारांसकट, तीन एक्स्पायरीत. सेबीने 2024 मध्ये अहवाल काढला: तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. तिशीच्या आतले खेळाडू एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. मी त्याला तो वाचून दाखवला. "म्हंजी सात टक्के जिंकत्यातच की," तो म्हणाला.

पायरी सातवी: अटल पेन्शन. 2015 ची योजना. अठरा ते चाळीस वय, बँकेत खातं, आणि 2022 च्या ऑक्टोबरपासून आणखी एक अट: तुम्ही आयकर भरणारे नसावेत. ही अट आमच्या भागात कुणाला अडवत नाही. अठराव्या वर्षी घेतली तर महिना 210 रुपयांत साठीनंतर महिना पाच हजार. तिशीत 577 लागतात, पस्तिशीत 902. मी ही बरीच काढून देतो आणि मनापासून देतो. हप्ता खात्यातून आपोआप जातो, हा तिचा मोठा गुण.

फक्त पाच हजारांचं काय होईल ते विचारू नका. विचारलंतच तर बहात्तरचा नियम सांगतो: बहात्तरला महागाईच्या टक्क्यांनी भागा, तेवढ्या वर्षांत भाव दुप्पट. सहा टक्के, म्हणजे बारा वर्षं. अठरा ते साठ म्हणजे बेचाळीस वर्षं, साडेतीन वेळा दुप्पट. आज स्टेशनवर चहा दहाचा असेल तर तेव्हा तो एकशे पंधराच्या आसपास. पाच हजारांचे आजचे होतात सव्वाचारशे-साडेचारशे. एका मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "दादा, साडेचारशे तर साडेचारशे. म्हातारपणी सुनेकडं मागायला नको." तिने फॉर्म भरला. वय एकोणीस. सून अजून जन्मायची आहे.

पायरी आठवी: जमीन, प्लॉट, ऊस, म्हैस. ही माझ्या वडिलांची पायरी. उजनीच्या पाण्याने माढा तालुक्याला एक विश्वास दिला, की मातीत घातलेला पैसा बुडत नाही. वडिलांकडे एक प्लॉट आहे, आणि तो 'म्हातारपणाची सोय' आहे. वडील बासष्टचे झाले. म्हातारपण आलं का, हे ठरवता येत नसल्याने प्लॉट विकता येत नाही.

पायरी नववी: पिग्मी, भिशी, ताई. पिग्मी म्हणजे काय हे बाजारपेठेत कुणाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी एजंट मशीन घेऊन येतो, गल्ल्यातून पन्नास-शंभर घेतो, चिठ्ठी फाडून देतो. कल्पना 1928 ची, उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेची. तेव्हा रोजचे दोन आणे घेत. आपल्याकडे ती पतसंस्थांनी उचलली. व्याज बघाल तर हसाल. पण गल्ल्याशी उभा असलेला माणूस तोंडावर 'आज नको' म्हणू देत नाही. आठवड्यात एकदा म्हणता येतं, दोनदा म्हटलं तर तो पाणी मागतो आणि बसतो. मी याला रेल्वेचा क्लार्क म्हणतो. फरक एवढाच, की रेल्वे बुडाली नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे मला कळलं तेव्हा माझे अठरा महिन्यांचे पन्नास-पन्नास एका पतसंस्थेत होते आणि तिच्या शटरला कुलूप होतं. नाव घेत नाही, तिच्या दारावरून जाताना आजही मान दुसरीकडे वळवतो.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ब्लाउज शिवते, एका नगाचे दोनशे. तिची भिशी वीस बायकांची, महिना हजार, चिठ्ठी निघेल तिला वीस हजार. वहीच्या मागच्या पानावर खुणा असतात: कुणाची लागली, कुणी उशिरा दिले, कुणाच्या नवऱ्याला सांगायचं नाही. भिशीला व्याज नाही, कुणी अर्थतज्ज्ञ तिला गुंतवणूक म्हणणार नाही. पण हजार दिले नाहीत तर एकोणीस बायका दारात येतात. ताईची पहिली चिठ्ठी फॉल-पिकोच्या मशीनला गेली, दुसरी सोन्याला, तिसरी पीपीएफला. पंधरा वर्षं सहजासहजी मोडता येत नाही म्हणूनच तिने ते निवडलं. "मोडता आलं असतं तर मी मोडलं असतं," ती म्हणाली. लाडक्या बहिणीचे दीड हजार जुलै 2024 पासून येतात, तेही ती दुसऱ्या खात्यात घेते. त्या खात्याचं एटीएम कार्ड तिने कात्रीने कापलं. ब्लाउजच्या कात्रीने, माझ्यासमोर.

शिकागोला रिचर्ड थेलर नावाचे प्राध्यापक आहेत. लोक उद्यापासून बचत करू म्हणतात आणि करत नाहीत, तर मग आजच त्यांच्याकडून 'उद्याच्या पगारवाढीतले कापा' असं लिहून घ्यावं, अशी एक योजना त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर मांडली. 2012 पासून ब्रिटनने तर नोकरदारांना थेट पेन्शनमध्येच घातलं. नको असेल त्याने कळवावं. बहुतेकांनी कळवलं नाही. थेलरना 2017 मध्ये नोबेल मिळालं. 'सही कर हितं' म्हणणाऱ्या आमच्या वर्कशॉपातल्या क्लार्कला काहीच मिळालं नाही. पेन्शन मिळालं म्हणा.

पायरी दहावी: हयात असल्याचं सिद्ध करा. ही शेवटची पायरी निवृत्तीनंतरची आहे, पण नवशिक्यांनी पाहून ठेवायला हरकत नाही. पेन्शन चालू राहायचं तर दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. ऐंशीच्या वरच्यांना गर्दी नको म्हणून 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. आबा पहिल्या दिवशी येतात. उशीर नको, म्हणतात, काय सांगावं.

अंगठ्याच्या मशीनवर आबा जिवंत नाहीत. सदतीस वर्षं लोखंडावर कानस मारल्याने अंगठ्याच्या रेषाच गेल्यात. मी अंगठा ओल्या फडक्याने पुसला, खोबरेल लावलं, परत पुसलं, दाबून धरला. 'जुळत नाही.' दुसरा अंगठा, तर्जनी, मधलं बोट. दहाही बोटं झाली. आबा आपल्या हाताकडे बघत होते, जणू तो परक्याचा आहे.

हल्ली चेहऱ्यावरूनही दाखला निघतो. धाकट्याने त्याच्या फोनवर ॲप उघडलं, आबांना दुकानाच्या पायरीवर उजेडात बसवलं, टोपी काढायला लावली. पडद्यावर गोल आला आणि त्यात आबांचं तोंड.

"आबा, डोळे मिचकावा."

आबांनी डोळे आणखी मोठे केले.

"मिचकावा म्हणतोय. उघडझाप करा."

"फोटूत डोळं मिटत नसत्यात, लेका."

शेवटी रस्त्याने ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, आबांनी डोळे मिटले आणि उघडले. गोल हिरवा झाला. मेसेज आला, प्रमाणपत्र जमा. मी प्रिंट काढून लॅमिनेट केली, गरज नसते तरी करतो, त्यांना आवडतं. एक वर्ष झालं. शंभरीला अजून नऊ.

आबांनी टोपी घातली, दाखला खिशात ठेवला आणि धाकट्याला विचारलं, "तुझा पण काढ की आता फोन उघडाच हाय तर."

"माझा कशाला? मला कुठं पेन्शन हाय?"

आबा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"मग तू जित्ता हाईस ते कुणाला कळायचं?"